सौम्य नांवांच्या विनाशिका

ज्या जहाजास आपण मराठींत ‘विनाशिका’ म्हणतों, त्यास जपानी लोक ‘वसंतवारा’, ‘प्रथम हिम’ अशीं नांवें ठेवीत आले, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु ही कोणा अधिकाऱ्याची लहर नसून रूढ परंपरा आहे. जुन्या शाही आरमारांत मोठ्या युद्धनौकांस सामान्यतः प्रांतांचीं व क्रूझरांस पर्वतांचीं अथवा नद्यांचीं नांवें मिळत. विनाशिकांच्या वांट्यास वारा, पाऊस, बर्फ, लाट व चंद्र आले, आणि लहान विनाशिकांस वृक्षांचीं व फुलांचीं नांवें पडलीं. मध्यंतरीं कांहीं विनाशिकांस नुसते क्रमांक देण्यांत आले होते. १९२८ सालीं ती रीत सोडून पुन्हां नांवें देण्यांत आलीं. लढाऊ जहाजावर व्यक्तीचें नांव मिरविण्याची पाश्चात्त्यांची चाल तेथें रुजली नाहीं, यांत एक प्रकारचा विनय आहे, हें आम्ही मोकळ्या मनानें मान्य करितों.

पण नांवाचा विनय म्हणजे कृतीचा विनय नव्हे. १९४१ सालीं पर्ल हार्बरवर चालून गेलेल्या आरमाराच्या रक्षक विनाशिकांत ‘कासुमी’ म्हणजे धुकें व ‘अकिगुमो’ म्हणजे शरदांतील मेघ या होत्या. उलट ‘इकाझुची’ म्हणजे मेघगर्जना. परंतु त्याच विनाशिकेनें मार्च १९४२ मध्यें जावा समुद्रांत शत्रुपक्षाच्या चारशेंहून अधिक खलाशांस पाण्यांतून वर काढून जीवदान दिलें. चोपडीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ लिहिला म्हणून आंतील जमाखर्च बरोबर ठरत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाहीं. युद्धाचा त्याग करणारी राज्यघटना जपानांत १९४७ सालीं अमलांत आली आणि १९५४ सालीं आत्मसंरक्षणार्थ नवें आरमार उभें राहिलें. त्यानें विनाशिका हा शब्दच टाकून ‘गोएइकान’ म्हणजे रक्षक जहाज हा शब्द स्वीकारला. याच सदरांत २०१५ सालीं २४८ मीटर लांबीची ‘इझुमो’ दाखल झाली. डिसेंबर २०१८ मध्यें तिजवरून लढाऊ विमानें उडविण्याची सोय करण्याचें सरकारनें ठरविलें. तिचें नांव प्रांताचें खरें. पण १९३७ सालच्या शांघायच्या लढाईंतील जपानी ध्वजनौकाही ‘इझुमो’च होती, हें चीनमधील लोक विसरलेले नाहींत. तिची भगिनी ‘कागा’ हिचें नांव तर पर्ल हार्बरच्या हल्ल्यांत भाग घेऊन १९४२ सालीं मिडवे येथें बुडालेल्या विमानवाहू नौकेचें आहे.

दस्तऐवजाचें स्वरूप मथळ्यावरून नव्हे, तर आंतील मजकुरावरून ठरतें, हें कायद्याचें तत्त्व येथेंही लागू आहे. जपानला स्वसंरक्षणाचा हक्क नाहीं, असें आमचें म्हणणें नाहीं. शेजारचीं आरमारें वाढत असतां त्यानें स्वस्थ बसावें, असेंही कोणी म्हणणार नाहीं. परंतु ज्याची गरज आहे त्याची चर्चा उघड शब्दांत व्हावी. विमानवाहू नौका हवी असेल तर ती त्याच नांवानें लोकप्रतिनिधींपुढें मागावी. सरकार कोणत्याही देशाचें असो, त्यानें शस्त्रास गोड नांव दिलें कीं प्रजेनें प्रथम त्याच्या तोफा मोजाव्या, मग नांवाचें कौतुक करावें.