शेवाळाचे भाकीत कोणासाठी?

जीन ऱ्हीस यांची 'वाइड सारगॅसो सी' (१९६६) शिकवताना आम्ही शीर्षकाचा खुलासा ठरावीक शब्दांत करीत आलो : अटलांटिकमधील किनारा नसलेला, तरंगत्या शेवाळाचा समुद्र, दोन जगांत अडकलेल्या नायिकेचे प्रतीक. हा खुलासा आता अपुरा वाटतो.

कारण ते शेवाळ किनाऱ्याला लागले आहे. २०११पासून कॅरिबियन बेटांवर सरगॅसमचे ढीग येऊन पडू लागले. ते मुख्यत्वे सारगॅसो समुद्रातून नव्हे, तर पश्चिम आफ्रिकेपासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरणाऱ्या पट्ट्यातून येते. २०१८ साली या पट्ट्याची लांबी सुमारे ८,८५० किलोमीटर आणि वजन दोन कोटी टनांहून अधिक होते. मे २०२५मध्ये सुमारे पावणेचार कोटी टनांची नोंद झाली. किनाऱ्यावर ते कुजले की हायड्रोजन सल्फाइड सुटतो आणि ग्वादेलूप, मार्टिनिक येथील किनारी वस्त्यांना त्याचा जाच होतो.

दक्षिण फ्लोरिडा विद्यापीठ उपग्रहचित्रांच्या आधारे दरमहा पत्रक काढते. समुद्रात किती शेवाळ आहे आणि पुढील काळात ते वाढेल की घटेल, हे त्यातून कळते. हे काम मोलाचे आहे, यात शंका नाही. परंतु मच्छीमाराचा प्रश्न निराळा असतो : उद्या आमच्या पुळणीवर येईल का? या प्रश्नापाशी उपग्रह अडखळतो. ढग आड येतात. चित्रातील एकेक ठिपका सुमारे किलोमीटरभराचा असतो. आणि अखेरच्या टप्प्यात स्थानिक वारा व प्रवाहच निर्णय करतात.

अधिक सूक्ष्म उपग्रह आले की हे सुटेल, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. ज्याच्या जाळ्यात शेवाळ प्रथम अडकते, त्याचे निरीक्षणही भाकिताचा भाग व्हावयास हवे. आणि ते भाकीत त्याच्याकडे त्याच्या क्रिओल भाषेत परतावयास हवे. शिवाय शेवाळ कुजण्यापूर्वी उचलण्यासाठी माणसे आणि पैसा हाताशी नसेल, तर अचूक भाकीतही केवळ आगाऊ मिळालेली वाईट बातमी ठरते.

संहितेचा वाचक कोण, हा प्रश्न आम्ही वर्गात नित्य विचारतो. तो या पत्रकांनाही विचारला पाहिजे. आणि यंदा ऱ्हीस शिकवताना आम्ही आमची जुनी तळटीप बदलणार आहोत.