विश्लेषण : गेम मुके, मग मराठीत अडते कुठे?

दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा पडद्यावरचा राजा एक शब्दही बोलला नाही. मूकपटात मधेमधे पाट्या यायच्या आणि ज्याला वाचता येई तो शेजाऱ्यालाही वाचून दाखवी. हीच कथा मराठीत बोलायला ‘अयोध्येचा राजा’पर्यंत, म्हणजे १९३२ पर्यंत थांबावे लागले.

फाळक्यांच्या नाशिकमध्ये हे आठवायचे कारण म्हणजे रोल-प्लेइंग गेम, अर्थात आरपीजी. यातले कितीतरी गेम अजूनही पाट्यांवरच चालतात. आमच्या घरी ‘पोकेमॉन’ असाच खेळला गेला. इंग्रजी पाटी मी वाचायचे आणि धाकट्या भावाला मराठीत सांगायचे, प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढून. आमचे डबिंग फुकटात व्हायचे!

आवाज का नसतो?

पहिले कारण पैसा. आरपीजीमध्ये खेळणारा जसा निर्णय घेईल तशी गोष्ट फुटत जाते, त्यामुळे संवाद प्रचंड लागतात. ‘डिस्को एलिसियम’मध्ये दहा लाखांहून अधिक शब्द आहेत; २०१९ मध्ये तो आला तेव्हा त्यातल्या थोड्याच संवादांना आवाज होता, जवळपास सगळ्यांना तो मिळाला २०२१ मध्ये. लिहिलेले वाक्य शेवटच्या आठवड्यातही बदलता येते. रेकॉर्ड केलेले बदलायचे तर कलाकार पुन्हा बोलवा, स्टुडिओ पुन्हा घ्या, तेही प्रत्येक भाषेसाठी.

पण हा सगळा नाइलाज नाही. ‘अंडरटेल’मध्ये (२०१५) सॅन्स आणि पपायरस या भावांची नावे फॉन्टवरून आलीत आणि त्यांचे संवादही त्याच वळणाच्या अक्षरांत उमटतात. तिथे अक्षर हाच आवाज.

मग मराठी का नाही?

नुसता मजकूर मराठीत आणायला स्टुडिओ लागत नाही. तरी असे गेम मराठीत सापडणे मुश्कील. ‘आपली मुले इंग्रजीत खेळतातच की’ हे बाजाराचे उत्तर झाले. दुसरी अडचण तांत्रिक आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते.

देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक मांडून चालत नाहीत. ‘शि’ लिहिताना संगणक आधी श साठवतो, मग वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी श च्या आधी यायला हवी. अनेक गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरना ही अदलाबदल बरीच वर्षे जमत नव्हती. परिणाम? ‘नाशिक’चे ‘नाशकि’. त्यात आरपीजीची एकेक अक्षर टाइप होत येणारी पाटी म्हणजे आणखी गंमत : ‘शक्ती’ येण्याआधी क्षणभर ‘शक’ दिसते.

यावर उपाय आहे. अक्षरे नीट जुळवणारी ‘हार्फबझ’ ही लायब्ररी मोफत आहे आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘गोडो ४’ या मोफत गेम इंजिनात ती अंगभूतच आहे. पाटी एकेका कोडऐवजी पूर्ण अक्षरागणिक पुढे सरकवायचे काम तेवढे स्वतः करावे लागेल.

मुक्या गेममध्ये दृष्टिहीन खेळाडू बाहेर राहतो, ही खरी उणीव आहे आणि ‘खर्च परवडत नाही’ म्हणून ती झटकता येणार नाही. पण त्यावर घाईने एआयचा आवाज चिकटवणे मला पटत नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेतले गेमचे आवाज-कलाकार जुलै २०२४ पासून सुमारे वर्षभर संपावर होते. निदान स्क्रीन रीडरला वाचता येईल असा मजकूर तरी ठेवता येतो, आणि त्यासाठीही तो आधी शुद्ध मराठीत हवा.

शहरातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाला दरवर्षी तीच हजेरीची आणि पार्किंगची अ‍ॅप्स होतात. मीही तेच केले होते. यंदा कुणी आपल्या गेम इंजिनात ‘नाशिक’ टाइप करून पाहावे. ‘नाशकि’ उमटले, तर प्रकल्पाचा विषय मिळाला.