कार्ड फिरते, सही फिरू नये



गव्हाणीकडे जाणाऱ्या गाडीला नंबराचे टोकन मिळते. गाडी खाली झाली की तेच टोकन दुसऱ्या गाडीला. वजनाची पावती मात्र दर खेपेला नवी फाडतात. उद्या कोणी टोकनावरच वजन लिहून पुसू लागला, तर आपण ते चालवून घेऊ काय?

हीच गोष्ट यंत्राच्या सुट्या भागांना लागू आहे. जपानच्या टोयोटा मोटार कारखान्यात ताईची ओनो यांनी १९५० नंतरच्या दशकात ‘कानबान’ कार्डांची पद्धत बसवली. भागांच्या पेटीला कार्ड असते. पुढच्या खात्याने पेटी वापरायला घेतली की कार्ड काढून मागे पाठवतात. एवढाच माल नवा करा, हा त्याचा निरोप. तेच कार्ड पुनःपुन्हा फिरते. सदोष माल पुढे पाठवायचा नाही, हा त्या पद्धतीचा कडक नियम.

आता गोम इथे आहे. तपासनिसाने अशा फिरत्या कार्डावरच सही केली, तर पुढचा माल जुनी सही घेऊन येतो. न तपासताच तो तपासलेला दिसतो! सही पुसून टाकली, तर आधीच्या मालाचा पुरावाच गेला.

आपल्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त पंप, बेअरिंग, कपलिंग यांना फिरती कार्डे लावायची झाली, तर सरळ रीत अशी: कार्डावर कायमचा नंबर आणि काय काय तपासायचे तेवढेच असावे. प्रत्येक खेपेला वेगळी चिठ्ठी असावी. तीत कार्ड नंबर, तारीख, पाळी, नग आणि तपासणाऱ्याची सही. चिठ्ठीची एक ओळ रजिस्टरात चढावी. चिठ्ठी नाही तर स्टोअरने माल घेऊ नये.

कागद वाढेल, अशी तक्रार होईल. पण वाढते ती एकच ओळ. सह्या मात्र वाढवू नयेत. चौघांनी सही केली की प्रत्येक जण दुसऱ्याच्या भरवशावर राहतो. तपासणारा एक, जबाबदारी एकाची.

ही बाब निव्वळ इंजिनिअर लोकांची म्हणून सोडू नका. ऐन हंगामात एक खराब बेअरिंग मिल थांबवते. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो. आणि एफआरपी उताऱ्यावरच बांधलेली आहे. भुर्दंड शेवटी सभासदाच्याच माथी. मग भाग कोणी, केव्हा तपासला याचे उत्तर रजिस्टरात सापडायला नको काय?

संचालक मंडळाने येत्या दुरुस्ती हंगामाआधी ही रीत लावावी आणि सभासदांनी वार्षिक सभेत तिचा हिशेब मागावा, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद