घरचा हिशेब : जहाजाच्या तिकिटाला बांधलेलं विमान

आमच्या जुन्या शहरात बातमी दाराआड राहत नाही. मागच्या वर्षी श्रावणातला शेवटचा सोमवार होता. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराकडे निघालेल्या. त्या गर्दीत शेजारच्या काकूंनी माझा हात धरून कानात सांगितलं, "पोरी, दिवाळीले आम्ही जहाजात चाललो. सिंगापूरले!"

मला काकूंचा फार आनंद झाला. लग्नाला चाळीस वर्षं झालेली. उन्हाळाभर गच्चीवर कुरडया-पापड घालून, दर महिन्याची भिशी भरून या बाईने अकरा वर्षं पैसे साठवले होते. थोडे मुलाने घातले आणि मुंबईच्या एका सहल कंपनीकडे दोघांचे दोन लाख चाळीस हजार भरले. जहाज, मुंबईहून विमान, व्हिसा, एका रात्रीचं हॉटेल, सगळं त्यात आलं. "आता आपल्याले काहीच पाहायचं नाही, सगळं त्यायच्याकडे," असं काकू म्हणाल्या. तेव्हा मीही मान डोलावली. आज हा लेख लिहिते आहे तो त्या मान डोलावण्याचं प्रायश्चित्त म्हणूनच समजा!

गणपती बसले आणि काकांच्या पोटात दुखायला लागलं. काका बोलले नाहीत. ओव्याचं पाणी घेत, रात्री उठून अंगणात येरझारा घालत. शेवटी एका पहाटे घाम फुटून ओट्यावरच बसले, तेव्हा सगळं उघडं पडलं. पित्ताशयात खडे. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन लवकर करून घ्या, असं दुखणं घेऊन समुद्रावर जाऊ नका. काकांचं म्हणणं एकच : "दिवाळी होऊ द्या. तिकिटं काढली आहेत."

काकू माझ्याकडे आल्या त्या डोळे पुसतच. "तिच्या मेहनतीचे पैसे बुडतीन म्हणून ह्या माणसानं महिनाभर दुखणं लपवलं पाहा. मले सांगतलं असतं तं मी काय जहाजाले कवटाळून बसली असती काय?"

मुलाने कंपनीला फोन केला होता. पलीकडच्या मुलीने सांगितलं, "रद्द केलं तर नव्वद टक्के जातील." तेवढं ऐकून सगळं घर गप्प झालं होतं.

मी म्हटलं, "काकू, तोंडी टक्के ऐकून ऑपरेशन पुढे ढकलायचं नाही. कागद आणा."

आणि मग आम्ही दोघी ओसरीवर, चष्मे लावून, ते सोळा पानी पत्रक वाचायला बसलो.

एक पाकीट, पण हिशेब तीन

आपण पैसे एकाच ठिकाणी भरतो म्हणून तिकीटही एकच आहे असं वाटतं. खरं तसं नसतं. जहाज कंपनीचा रद्द करण्याचा तक्ता वेगळा असतो. निघायला किती दिवस उरले आहेत, त्यावर कापण्याची रक्कम पायरीपायरीने वाढत जाते. विमान कंपनीचे नियम वेगळे असतात. आणि मधली सहल कंपनी किंवा एजंट आपलं सेवाशुल्क वर लावते ते तिसरं. ऑपरेशनमुळे जायचं नाही म्हटलं की हे तिन्ही हात एकदम पुढे येतात.

तारीख बदलतानाही असंच. 'बदल शुल्क' अमुक, असं वाचून आपण निश्चिंत होतो. पण नव्या तारखेचं भाडं महाग असेल तर तो फरकही द्यावा लागतो. दिवाळीचं तिकीट दुसऱ्या सुटीत नेलं तर बदल शुल्कापेक्षा हा फरकच जास्त भरतो.

दुसरी गोष्ट. सहल कंपनीमार्फत घेतलेलं तिकीट विमान कंपनीकडे थेट फोन करून बदलता येईलच असं नाही. ते बहुधा म्हणतात, ज्यांनी काढलं त्यांच्याकडे जा. पैसेही त्याच वाटेने परत येतात, म्हणून वेळ लागतो.

तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिकीट खरोखर निघालं आहे का? कंपन्या पुष्कळदा विमानातल्या जागा गटाने धरून ठेवतात. आगाऊ रक्कम भरतात, नावं नंतर देतात आणि प्रत्यक्ष तिकीट निघण्याच्या काही आठवडे आधी काढतात. 'बुकिंग पक्कं' असा निरोप आला म्हणजे तिकीट निघालं असं नाही. तिकीट निघेपर्यंत नुकसान बहुधा आगाऊ रकमेपुरतं असतं. एकदा निघालं की विमान कंपनीचे नियम लागू होतात आणि गटाच्या स्वस्त भाड्यात मूळ भाडं सहसा परत मिळत नाही.

मी काकूंच्या मुलाला एवढंच सांगितलं, "फोन नको. ई-मेल कर. जहाजाचे किती, विमानाचे किती, व्हिसा-हॉटेलचे किती कापणार ते वेगवेगळं लिहून मागव. आणि तिकीट निघालं का, नसेल तर कोणत्या तारखेला निघणार, ते विचार."

दोन दिवसांनी उत्तर आलं. तिकीट निघालेलं नव्हतं! निघायला नऊ दिवस बाकी होते. मग हिशेब असा झाला. जहाजाचे १,३०,००० होते, त्यातले २५ टक्के म्हणजे ३२,५०० गेले. विमानाच्या ८०,००० पैकी दोघांची आगाऊ रक्कम २०,००० गेली. व्हिसा-हॉटेलच्या ३०,००० पैकी १२,००० गेले. एकूण ६४,५०० गेले आणि १,७५,५०० परत आले.

तेच दहा दिवस उशीर झाला असता तर? जहाजाची पुढची पायरी ५० टक्के, म्हणजे ६५,०००. विमानाचे करांचे १४,००० तेवढे सुटले असते, बाकी ६६,००० गेले असते. व्हिसा-हॉटेलचे तीसही गेले असते. म्हणजे १,६१,००० पाण्यात आणि हाती फक्त ७९,०००. नव्वद टक्के तेव्हाही नव्हतेच, पण 'नव्वद' या एका शब्दाने काकांचं ऑपरेशन लांबणार होतं.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे परताव्याचे नियम आहेत. त्यातली दोन कलमं पदराला गाठ मारून ठेवा. एक, रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त घेता येत नाही. दोन, तिकीट 'परतावा नाही' अशा स्वस्त योजनेतलं असलं, आणि तुम्ही गेलाच नाहीत, तरी सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत करावी लागतात. ही रक्कम कोणी आपणहून हातात ठेवत नाही, मागावी लागते. परदेशी विमान कंपनी असेल तर परतावा तिच्या देशाच्या नियमाने होतो, हे मात्र लक्षात असू द्या.

२०१९ साली सरकारने प्रवाशांच्या हक्कांची सनद काढली. निघायला निदान सात दिवस असतील तर तिकीट काढल्यापासून चोवीस तासांत ते फुकट रद्द करण्याची किंवा बदलण्याची सोय तीत दिली होती. अशा मुदती अधूनमधून बदलतात. म्हणून तिकीट काढतानाच विचारा : आज ही मुदत किती आहे, आणि सहलीतल्या तिकिटाला ती लागू आहे का?

कोरोनाच्या वेळचं तुम्हाला आठवत असेल. कितीतरी घरांचे पैसे विमान कंपन्यांकडे अडकले होते. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, टाळेबंदीच्या काळात त्याच काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटांचे सगळे पैसे, काहीही न कापता परत करावेत. एजंटामार्फत काढलेल्या तिकिटांचे पैसे एजंटाकडे आले की त्याने ते लगेच ग्राहकाला द्यावेत, हेही त्यात होतं. पैसे 'पुढच्या तिकिटासाठी जमा' ठेवायचे की रोख घ्यायचे, असा प्रश्न आला तर घाईत 'हो' म्हणू नका. जमा रकमेला मुदत असते आणि ती मुदत विसरायला आपण बायका, घरातली शंभर कामं, फार पटाईत!

कंपनीने दादच दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर तक्रार सांगता येते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, कंपनी मुंबईची असो की परदेशातली, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. म्हणजे अकोल्याच्या बाईने अकोल्यात. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची. म्हणून पावत्या, ई-मेल, पत्रक, सगळं एका पिशवीत जपून ठेवा. आणि करारच अन्यायाचा आहे, नुकसानीपेक्षा दंड भलताच मोठा आहे, असं म्हणायचं असेल तर ते प्रकरण राज्य आयोगापुढे जातं.

मग विमान कंपनीकडूनच का घेऊ नये?

असंही एका वाचक भगिनीने विचारलं आहे. घ्या ना, पण दोन्ही बाजू पाहून. जहाजासोबतच विमान घेतलं आणि विमानाला उशीर झाला, तर तुम्हाला जहाजापर्यंत पोचवण्याची काळजी बहुतेक कंपन्या घेतात. वेगळं घेतलं तर तिकीट बदलायला मोकळं राहतं, पण जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. त्यांचे दरवाजे सुटण्याच्या बरेच आधी बंद होतात. वेगळं घेणाऱ्यांनी निदान एक दिवस आधी पोचावं.

आपल्या वऱ्हाडातल्यांना आणखी एक जोड सांभाळावी लागते. १६ एप्रिल २०२५ ला अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं, तरी आपण बहुतेक जणी रात्रीची विदर्भ किंवा अमरावती एक्स्प्रेसच धरतो. गाडीला उशीर होऊन विमान चुकलं तर विमान कंपनी पैसे देत नाही. सकाळी पोचून दुपारचं विमान, हा बेत धोक्याचा. एक रात्र नातेवाइकांकडे काढा. रेल्वेचं पक्कं तिकीट चोवीस तास आधी अर्ज देऊन घरातल्या जवळच्या माणसाच्या नावावर करता येतं. विमानात तसं चालत नाही. सासूबाईंच्या तिकिटावर सूनबाई नाही!

पैसे भरण्याआधी

१. जहाज, विमान, हॉटेल, व्हिसा, प्रत्येकाचा रद्द करण्याचा तक्ता लेखी घ्या. तारखा कॅलेंडरवर, गॅसच्या नोंदीशेजारी लिहून ठेवा.

२. विमानाचं तिकीट कोणत्या दिवशी निघणार ते विचारा. त्याच्या आठ दिवस आधी घरात सगळ्यांना मोकळेपणाने विचारा, 'काही दुखतंय-खुपतंय का?'

३. नाव पासपोर्टप्रमाणेच द्या. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि तिकीट सासरच्या नावाचं, असा घोटाळा होतो. तो निस्तरायला पैसे पडतात, कधी तिकीटच नवं घ्यावं लागतं.

४. जाण्याचं विमान चुकवून 'येतानाचं तरी वापरू' असं मनात आणू नका. पहिला टप्पा सोडला की पुढचे टप्पे बहुधा आपोआप रद्द होतात.

५. प्रवास विमा पैसे भरता तेव्हाच उतरवा. त्यात सहल रद्द झाल्याची भरपाई आहे का पाहा. आधीपासूनचं दुखणं लपवू नका, नाहीतर दावा नाकारला जातो.

६. जायचं नाही हे ठरलं की त्याच दिवशी लेखी कळवा. 'दोन दिवस पाहू' म्हणेपर्यंत पायरी चढलेली असते.

काकूंनी विमा घेतला नव्हता. तो घेतला असता तर चौसष्ट हजारांतलेही काही वाचले असते कदाचित. चूक आमचीच.

काकांचं ऑपरेशन नवरात्रात झालं. दिवाळीला ते ओसरीवर बसून पणत्यांत तेल घालत होते. पैसे आले तेव्हा काकूंनी ते मुलाच्या खात्यात नव्हे, स्वतःच्या खात्यात घेतले आणि मुदत ठेव केली. मी विचारलं, "काकू, चौसष्ट हजारांचं वाईट वाटतं का?"

काकू म्हणाल्या, "वाटते ना माय. अकरा वर्षांच्या कुरडया आहेत त्या. पण आता आमच्यात ठरलं आहे, तिकीट कितीचंही असो, दुखलं की पहिले बोलायचं."

मैत्रिणींनो, तुमच्या घरीही कोणी तिकिटाच्या, हॉलच्या, केटररच्या आगाऊ रकमेपायी गप्प बसलं नाही ना, ते आज रात्री जेवताना विचारून पाहा. आणि मला कळवा.

पुढच्या आठवड्यात : मंगल कार्यालयाची अनामत परत कशी मागावी?