चित्रं कोण वाचणार?



१९०१ सालची गोष्ट. मसूरचं स्टेशन, आपल्याच सातारा जिल्ह्यातलं. गोरेगावला बापाकडं निघालेली पोरं गाडीतून उतरली. अंगावर चांगली कापडं. स्टेशन मास्तर बघतो आणि ठरवून टाकतो, बामणाचीच असणार. पोरगं खरं सांगतं, आम्ही महार. मास्तराचा चेहरा फिरतो. उठून खोलीत जातो. त्यातलं एक पोर म्हणजे बाबासाहेब. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

मास्तराला अक्षर येत होतं. डोळा अडाणी होता. चांगलं कापड म्हणजे बामण, हे चित्र त्याच्या डोळ्यात लहानपणीच कुणीतरी भरलं होतं.

आपल्या पोरांच्या डोळ्यात आज कोण काय भरतंय?

माझं गाव माणदेशात. पहिलीत गुरुजींनी फळ्यावर घर काढलं. दोन डोंगर, मधनं सूर्य, खाली नदी, नारळाचं झाड, कौलारू घर. आमच्यात नारळ नाही. नदी वर्षातनं बहुतेक कोरडी. मी पाटीवर पत्र्याचं घर काढलं. पत्रा उडू नये म्हणून वर धोंडे. दारात घागरी. गुरुजी म्हणाले, असलं घर असतंय व्हय? खोड. मी थुंकी लावून खोडलं. मग वर्गातली सगळी पोरं एकच घर काढायला लागलो. जे कुणाच्याच बापाचं नव्हतं.

आता मी सांगलीकडं सूतगिरणीत, रिंगफ्रेमवर. शेकडो चात्यांत तुटलेला धागा नजरेनं हेरायचा. बघणं शिकता येतं हे मला मशीननं शिकवलं. शाळेनं नाही.

शाळा शिकवणार कशी? २००९ चा शिक्षण हक्क कायदा बघा. कलेचा शिक्षक सहावी ते आठवीला, तोही अर्धवेळ, तोही पट शंभराच्या वर असेल तरच. पहिली ते पाचवीला त्याचं नावच नाही. वाडीवस्तीवरच्या शाळेनं शंभर पोरं आणायची कुठून?

आता आपलं बोलू. राग आला तरी चालेल. २०१२ साली अकरावीच्या पुस्तकातल्या एका व्यंगचित्रावरनं आपण पेटलो. गोगलगायीवर बसलेले बाबासाहेब, मागं चाबूक उगारलेले नेहरू. चित्र १९४९ चं. आपल्या पोराला चाबूक दिसला की दुसरंच काही आठवतं, म्हणून राग खरा होता. पण पुण्यात विद्यापीठात एका प्राध्यापकाची खोली फोडली, त्यानं कुठलं पोर चित्र वाचायला शिकलं? अकरावीच्या एका चित्रासाठी रस्त्यावर. आणि पहिलीच्या शंभर चित्रांचं काय? ती आपण उघडून तरी बघितली?

काही कार्यकर्ते म्हणतात, पोरांना वाचता येईना, चित्राचं काय घेऊन बसलास? अरे, अक्षर सहाव्या वर्षी येतं. चित्र तिसऱ्या वर्षी अंगणवाडीच्या भिंतीवरनं आत शिरतं. अक्षराशी भांडता येतं. चित्राशी भांडायचं असतं हेच पोराला ठाऊक नसतं.

चित्र बदलतं. २०१९ साली बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आईच्या जोडीनं बाप भाजी निवडताना दाखवला. मग पुस्तकातल्या गावात आपली वस्ती कुठंय, हे विचारायला आपल्यातलं कोण गेलं?

दर रविवारी विहारात लहान पोरं गोळा करा. त्यांचंच पुस्तक उघडा. चित्रात कोण आहे? कोण नाही? कोण बसलंय, कोण उभं? काम कोण करतंय? उत्तर आपण द्यायचं नाही. मग भिंतीवरचे बाबासाहेब दाखवा. अंगावर कोट का? हातात पुस्तक का? विचारू द्या. हात जोडायला नंतर लावा. शेवटी खडू द्या आणि म्हणा, तुझं घर काढ. काही खोडू नका.

७ नोव्हेंबर १९०० ला सातारच्या शाळेत भिवाचं नाव दाखल झालं. बसायला गोणपाट, तेही रोज घरी न्यायचं, कारण शाळेचा गडी त्याला शिवत नव्हता. आता त्या तारखेला विद्यार्थी दिवस पाळतात. हार, भाषणं, फोटो. यंदा पोरांना एवढंच सांगा, तो वर्ग काढा. आणि गोणपाट कुठं होतं ते दाखवा.

जयभीम.