पाहुण्या पक्ष्यांचा जमाखर्च

आश्विन उतरणीला लागतो, पावसाचे ढग पांगतात आणि निफाड तालुक्यातील शेतकरी द्राक्षबागांच्या छाटणीत व लाल कांद्याच्या काढणीत गुंतून जातो. नेमक्या याच दिवसांत, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरील नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यामागे उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांचे थवे उतरू लागतात. प्रथम येतात ते चिखलात चोची खुपसून फिरणारे टिलवे, तुतारी आणि मालगुजे. नांगरटीच्या ओल्या ढेकळांत शेपटी हलवीत धोबी धावू लागतो. हाच संस्कृत कवींचा खंजन, शरदाचा दूत. दिवाळीच्या सुमारास तलवार बदके, थापट्ये आणि चक्रवाक यांनी पाणी गजबजते आणि थंडी वाढली की तिबेट-मंगोलियाकडील पट्टकदंब हिमालय ओलांडून येथवर येतात. सुटीच्या दिवशी चापडगावच्या मनोऱ्यांवर दुर्बिणी घेतलेल्यांची दाटी होते. हे दृश्य रमणीय आहे याविषयी वाद नाही. परंतु या रमणीयतेच्या भरात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून जातो : या पाहुण्यांचा पाहुणचार कोणाच्या खर्चाने चालतो?

हा प्रश्न विचारणे अरसिकपणाचे वाटेल. पण ज्या गोष्टीचा खर्च कोठेच मांडला जात नाही ती फार काळ टिकत नाही, हा अर्थव्यवहाराचा अनुभव आहे. नांदूर मधमेश्वरचा इतिहास त्या दृष्टीने बोलका आहे. हा बंधारा विसाव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमदानीत, निव्वळ सिंचनासाठी बांधला गेला. त्याच्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडील दुष्काळी माळ भिजवला, तेथे ऊस उभा राहिला आणि उसाच्या पाठोपाठ साखर कारखाने आले. पक्ष्यांचा विचार तेव्हा कोणाच्याही मनात नव्हता. पुढे दरवर्षीच्या पुराबरोबर बंधाऱ्यामागे गाळ साठत गेला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली, लव्हाळे माजले. पाटबंधारे खात्याच्या वहीत गाळ म्हणजे साठवण क्षमतेतील निव्वळ तूट होय. तीच तूट पक्ष्यांच्या खात्यावर जमेच्या बाजूला पडली! १९८६ मध्ये येथे अभयारण्य झाले आणि २०२० च्या जानेवारीत रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून महाराष्ट्रातून पहिला मान या स्थळाला मिळाल्याचे जाहीर झाले. एका खात्याची हानी ती दुसऱ्या खात्याची ठेव, अशी ही विलक्षण गुंतागुंत आहे.

आवर्तन आणि चिखल

या ठेवीचे व्याज पाण्याच्या खोलीवर अवलंबून असते. टिलव्यासारख्या आखूड पायांच्या पक्ष्याला दोन-चार सेंटिमीटर पाण्याखालचा चिखल लागतो. मालगुज्याला त्याहून थोडे खोल पाणी चालते. थापट्या पाण्याच्या पृष्ठभागावरून चोचीने गाळून खातो, तर तलवार बदक मान बुडवून पोहोचेल तेथवरच्या तळाचे खाद्य शोधते. म्हणजे पाणी वीतभर चढले की चिखलातल्या पक्ष्यांचे ताट उचलले जाते, आणि वीतभर उतरले की बदकांना जागा बदलावी लागते. आता ही पातळी ठरते ती दारणेसारख्या वरच्या धरणांतून पाणी केव्हा सोडावयाचे आणि कालव्यांना आवर्तन केव्हा द्यावयाचे यावरून. त्या निर्णयात ऊस, द्राक्षे, पिण्याचे पाणी आणि जायकवाडीचा वाटा यांची भांडणे असतात. ती खरी आहेत आणि त्यांना प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे. परंतु हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला येथे उतरताच अंगावर पुन्हा चरबी चढवावयाची असते, आणि ऐन ऑक्टोबर-नोव्हेंबरात उघडा चिखल शिल्लक राहील एवढे पाहण्यास एखाद्या आवर्तनाचे चार दिवस मागेपुढे करणेही पुष्कळदा पुरेसे ठरेल. त्यासाठी पाटबंधारे आणि वन या दोन खात्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसून हिशेब करणे आवश्यक आहे.

काठावरचा शेतकरी

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. पक्षी अभयारण्याची हद्द जाणत नाही. तो रात्री पाण्यावर विसावतो आणि पहाटे शेतात चरतो, किंवा याच्या उलट करतो. पट्टकदंबांचे थवे कोवळा गहू आणि हरभरा कुरतडतात. भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला म्हणजे काय होते हे गोफण हाती घेऊन माळ्यावर बसलेल्या कोणत्याही कुणब्याला ठाऊक असते. उलट याच भोरड्या टोळांवर आणि नाकतोड्यांवर तुटून पडतात, भोवत्या शेतातले उंदीर टिपतो, धोबी व बगळे नांगरामागून किडे वेचतात. म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यावर नावे आणि जमा अशा दोन्ही नोंदी आहेत. मात्र नावेची रक्कम त्याच्या एकट्याच्या माथी पडते, जमेचा मोठा भाग साऱ्या समाजात वाटला जातो. लाभ सर्वांचा आणि तोशीस थोड्यांना, अशा व्यवहारात बाजाराला न्याय करता येत नाही. पिगूसारख्या अर्थशास्त्रज्ञाने शतकापूर्वीच हे दाखवून दिले आहे. तेथे समाजाने, म्हणजेच शासनाने, मध्ये पडावे लागते.

गाळाचा प्रश्नही असाच आहे. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला आलेल्या पुरांनी चांदोरी व सायखेडा ही गावे पाण्याखाली गेली. बंधाऱ्यातला गाळ काढा, अशी मागणी या पट्ट्यातून होते. दुकानात आणि चुलीपर्यंत पाणी शिरलेल्या माणसाला पक्षिप्रेमाचे धडे देणे हा अन्याय होईल. त्याच वेळी, सरसकट सगळा गाळ उपसला तर ज्या उथळपणामुळे येथे पक्षी येतात तोच नाहीसा होईल. मुख्य प्रवाहाची वाट मोकळी करावी, पुलांशी अडणाऱ्या पाणवेली वेळेवर काढाव्यात आणि काठालगतचा उथळ भाग राखावा, हा मध्यम मार्ग अभ्यासाने ठरविता येण्यासारखा आहे. शिवाय पाणवेली माजतात त्या वरून येणाऱ्या सांडपाण्यावर. गोदेच्या शुद्धतेची चर्चा दर सिंहस्थाला होते आणि बहुधा रामकुंडापाशी थांबते. नदी मात्र तेथे थांबत नाही. नाशिकने सोडलेले ती नांदूर मधमेश्वरला आणून पोचवते.

दोयांगचे उदाहरण

काठावरच्या माणसाला बाजूला सारून पक्षी वाचविता येत नाहीत, याचे उदाहरण दूरच्या नागालँडात घडले आहे. तेथेही पार्श्वभूमी एका जलाशयाचीच होती. दोयांग नदीवरील धरणात पांग्ती गावाच्या शेतजमिनी बुडाल्या. पुढे दर शरदात सैबेरिया व उत्तर चीनकडून आफ्रिकेला जाणारे अमूर ससाणे त्या जलाशयाकाठच्या झाडांवर प्रचंड संख्येने उतरू लागले, आणि शेती गमावलेल्या लोकांनी मासेमारीची जाळी झाडांवर ताणली. २०१२ मध्ये हजारो ससाणे मारले गेल्याच्या बातमीने जगभर खळबळ उडाली. पण पुढच्याच हंगामात, २०१३ मध्ये, गावकऱ्यांच्या परिषदांनी स्वतः बंदी घालून ती अमलात आणली. निषेधाच्या ठरावांनी जे एरवी साधले नसते ते गावाच्या निर्णयाने साधले. या निर्णयापायी अनेक कुटुंबांचे हंगामी उत्पन्न बुडाले, ही बाजू मात्र कौतुकाच्या गर्दीत मागे पडली. त्यागाची किंमत ज्याची त्याला चुकती करणे हे संरक्षणाचे अर्धे काम आहे.

नोंदवहीचे मोल

या साऱ्या हिशेबात शहरातून येणाऱ्या पक्षीनिरीक्षकाचे स्थान कोणते? केवळ छायाचित्रे टिपून परतणारा प्रवासी एवढेच ते राहू नये. कोणत्या दिवशी, कोणत्या पाणवठ्यावर, कोणत्या जातीचे किती पक्षी दिसले, ही साधी नोंद म्हणजे जमीन व पाणी यांचे स्वस्तात होणारे लेखापरीक्षण होय. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून हौशी निरीक्षकांच्या बळावर चालू आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालामागे तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी होत्या. त्यात दीर्घकालीन कल सांगता येईल अशा ३३८ जातींपैकी ६० टक्के जाती घटत असल्याचे आढळले, आणि लांबून येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांची अवस्था विशेष चिंतेची असल्याचे दिसले. एवढे मोठे सर्वेक्षण पगारी नोकरांकडून करवून घ्यावयाचे तर त्याचा खर्च कोणत्या अंदाजपत्रकात बसला असता?

हे काम शाळा-महाविद्यालयांतून सहज होण्यासारखे आहे. गावचा पाझर तलाव, उजनीच्या फुगवट्याकडील भिगवण, जायकवाडीचा काठ, अशा ठिकाणी एका शिक्षकाने वीस विद्यार्थी घेऊन दर पंधरवड्याला मोजणी केली, तर पाच वर्षांत त्या परिसराची विश्वसनीय वही तयार होईल. तिची निकड आणखी एका कारणाने आहे. २०१७ च्या पाणथळ जागांविषयीच्या नियमांनी सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय पाणथळ जागेच्या व्याख्येतून वगळले आहेत. महाराष्ट्रात तर पाहुण्या पक्ष्यांचे मोठे आश्रय हे बहुतांशी सिंचनाचेच जलाशय! नांदूर मधमेश्वरला अभयारण्याचे कवच आहे. ज्यांना ते नाही त्यांची बाजू मांडावयाची तर हाती आकडेच हवेत.

तात्पर्य, काठावरच्या शेतकऱ्याच्या पीकहानीची नोंद आणि भरपाई, गाळपेर जमिनींवर कीटकनाशकांचा संयम पाळणाऱ्यास प्रोत्साहन, पर्यटनाच्या उत्पन्नात गावाचा निश्चित वाटा आणि पाणी सोडण्याच्या वेळापत्रकात पक्ष्यांचा विचार, ही या पाहुणचाराची रास्त किंमत आहे. उसाला पाणी द्यावयाचे म्हणून शंभर वर्षांपूर्वी समाजाने पैसा उभा केला. त्याच पाण्यावर अनाहूत आलेली ही संपत्ती राखण्यासाठी त्याचा अल्पसा अंश खर्च करण्यास महाराष्ट्राची ऐपत निश्चितच आहे.