माणूस बोलव की!

"अगं, माणूस बोलव की!"

हे वाक्य मी गेल्या सहा वर्षांत मंडळाच्या गणपतीत ऐकलंय, संक्रांतीच्या हळदीकुंकवात ऐकलंय, कुणाच्या तरी बेसमेंटमधे पुलाव वाढून घेताना ऐकलंय. म्हणणारे सगळे इंजिनिअर. डेट्रॉइटच्या आसपासची आमची मराठी वस्ती ही बहुतेक गाड्यांवर पोसलेली वस्ती आहे. कुणी ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहितं, कुणी सीटच्या बिजागऱ्या डिझाइन करतं, कुणी इंजिनाच्या चाचण्यांचे आलेख बघतं. यातल्या फार थोड्यांनी स्वतःच्या गाडीचं ऑइल बदललंय. मी नावं ठेवत नाहीये, मीही त्यातलीच होते. मेकॅनिकलची पदवी, वर मास्टर्स, आणि पस्तिसाव्या वर्षापर्यंत हातात पाना धरलेला नाही.

मग मी बोट घेतली. लगेच "यॉट?" असं विचारू नका. ३२ फुटांची, १९८८ सालची केबिन क्रूझर आहे. खाली चार माणसं दाटीवाटीनं झोपतील अशी खोली, एका माणसापुरतं स्वयंपाकघर, डोकं वाकवून जायचं संडास, आणि मागच्या फळ्यांखाली शेजारी शेजारी दोन पेट्रोल इंजिनं. प्रत्येकी ३५० घन इंच, म्हणजे ५.७ लिटर, आठ सिलिंडर. त्या काळातल्या शेवरोले गाड्यांत असायचा तोच लोखंडी ठोकळा, फक्त पाण्यासाठी बदललेला. किंमत १४,००० डॉलर. आमच्या ओळखीतल्या कुठल्याही जुन्या एसयूव्हीपेक्षा कमी.

ती असते लेक सेंट क्लेअरवर. एका बाजूला मिशिगन, दुसऱ्या बाजूला कॅनडा, आणि मधे हे उथळ तळं. सरासरी खोली जेमतेम साडेतीन मीटर. उथळ असल्यामुळे वारा सुटला की लाटा उंच नाही, पण आखूड आणि चिडक्या उठतात. मधून मोठ्या जहाजांसाठी खणलेला मार्ग जातो आणि त्यातून हजार फुटी मालवाहू जहाजं शांतपणे सरकत असतात. त्यांना थांबता येत नाही, वळता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिल्या उन्हाळ्यात मी ओळखीच्या दोन कुटुंबांना फिरायला नेलं. धक्का सोडताना त्यातला एक जण म्हणाला, "दोन इंजिनं आहेत ना, मग काय भीती! एक बंद पडलं तर दुसरं आहेच." हा गृहस्थ कंपनीत एफएमईए शिकवतो. म्हणजे कुठला भाग कसा निकामी होऊ शकतो, त्याचा परिणाम काय होईल, याचे तक्ते भरायचं शास्त्र. बोटीवर त्या दिवशी असं प्रमाणपत्र असलेली तीन माणसं होती, माझ्यासकट.

दुपारी वारा सुटला. परतताना डावं इंजिन खोकलं, दोनदा आचके दिले आणि बंद पडलं. कुणीतरी हसून म्हणालं, "बघ, म्हणून दुसरं असतं." दहा मिनिटांनी दुसरंही गेलं.

पेट्रोल इंजिन बंद पडल्यावर तळ्यावर जी शांतता होते ती मी कुणाला सांगू शकत नाही. लाटांचे थपडे, मुलांचं एकदम गप्प होणं, आणि लांबवर, पण पुरेसं लांब नाही, एक जहाज. मी एकच शहाणपणा केला. लगेच नांगर टाकला. खोली कमी असल्यामुळे तो लागला. मग टो-बोट बोलावली. माणूसच बोलावला म्हणा ना.

कारण काय निघालं? बोटीत पेट्रोलच्या दोन टाक्या, एकेका इंजिनाला एकेक. दोन्ही टाक्यांची झाकणं डेकवर. झाकणाखाली रबरी रिंग. दोन्ही रिंगा एकाच वयाच्या, कडक होऊन तडकलेल्या. पावसाचं आणि मी हौसेनं धुतलेल्या डेकचं पाणी महिनोन्महिने आत झिरपत होतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, ते तळाशी बसून राहिलं. शांत पाण्यात काहीच कळलं नाही. आखूड लाटांनी टाक्या घुसळल्या आणि दोन्हीकडचं पाणी एकाच वेळी फिल्टरमधे गेलं. संध्याकाळी शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्यानं फिल्टर उतरवून काचेच्या बरणीत ओतला. खाली पाणी, वर पेट्रोल, मधे स्पष्ट रेघ. लोणच्याच्या बरणीत वर तेल तरंगतं ना, तशी.

दोन डॉलरची रिंग! एफएमईएच्या तक्त्यात याला नाव आहे, कॉमन कॉज फेल्युअर. एकाच कारणानं मूळ आणि पर्यायी, दोन्ही व्यवस्था कोसळणं. आम्ही तिघांनीही ते नाव परीक्षेत लिहिलेलं होतं. ज्या रिंगेला ते लागू होतं ती मात्र तिघांपैकी एकानंही बोटानं दाबून बघितली नव्हती. मी तर ते झाकण दर आठवड्याला उघडत होते. दोन इंजिनांना मालक एकच होता, आणि आळसही एकच.

त्या दिवसापासून माझं "माणूस बोलव की" या वाक्याशी भांडण आहे.

हे वाक्य नीट ऐका. यातला 'माणूस' कोण? प्लंबरचा माणूस, गॅसवाला माणूस, एसीचा माणूस. डॉक्टर हवा असेल तर आपण "माणूस बोलव" म्हणत नाही. वकिलाला म्हणत नाही. सत्यनारायणाला गुरुजी येतात, माणूस येत नाही. जो हातानं काम करतो आणि आपल्या घरात गुडघ्यावर बसतो, त्याचं नाव आपण विचारलेलं नसतं. म्हणून तो माणूस. 'माणूस' या शब्दाचा इतका अपमान दुसऱ्या कुठल्या वापरात होत असेल असं मला वाटत नाही.

आणि हे मी हवेतून बोलत नाहीये. माझे वडील असे 'माणूस' होते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आप्पांनी तीस वर्षं लेथ चालवला. ऑइल इंजिनाचे, पंपाचे भाग काढले. डाव्या हाताचं एक बोट पेराएवढं आखूड आहे. मला त्यांनी शेडमधे कधी येऊ दिलं नाही. डबा द्यायला गेले तर बाहेरूनच हाकलायचे. "तू शीक. हात काळे करायचे न्हाईत."

दुसऱ्या उन्हाळ्यात मी डाव्या इंजिनाचे आठही प्लग स्वतः बदलले. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण बाहेरच्या बाजूचे चार प्लग इंजिन आणि बोटीची भिंत यांच्यामधल्या फटीत, पालथं पडून, हाताच्या अंदाजानं काढावे लागतात. मी त्याच अवतारात आप्पांना व्हिडिओ कॉल केला आणि फोनसमोर दोन्ही काळे हात धरले. मला वाटलं खूश होतील. ते बघत राहिले. "ह्यापायी शिकवलं व्हय तुला?" म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

पुष्कळ दिवस मला याचं उत्तर सुचलं नाही. मंडळातले लोक आणि आप्पा शेवटी एकच बोलत होते का? नाही. आप्पांचं लेथशी काहीही वैर नव्हतं. दोन शतांश मिलिमीटरचा फरक त्यांना नखाला कळायचा, आणि तो कळतो याचा त्यांना माज होता. वैर होतं पगाराशी. पदवी घेऊन आलेला मालकाचा पोरगा त्यांना "ए, इकडं ये" म्हणायचा, त्याच्याशी. आप्पांनी मला त्या हाकेपासून लांब ठेवलं. मंडळातले आम्ही ती हाक मारणारे आहोत. वाक्य एक, पण बोलणारे शेडच्या दोन बाजूंना उभे.

आता म्हणाल, एवढं सगळं एका बोटीवरून? हो. कारण जुन्या दोन इंजिनांच्या बोटीइतकी चांगली शाळा मी पाहिली नाही. एकसारखी दोन यंत्रं शेजारी शेजारी. एक आजारी, एक धडधाकट. कुठल्या प्रयोगशाळेत याहून चांगली सोय असते?

मागच्या वर्षीचं उदाहरण. डावं इंजिन वेग वाढवला की तापायला लागलं. एका दुरुस्तीवाल्यानं फोनवरच, बोट न बघता, सांगितलं की दोन्ही बाजूंचे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड बदला, चार हजार डॉलर. मी आधी विचारलं, खरंच तापतंय की काटा खोटं बोलतोय? उष्णता मोजायची बंदूक मिळते, ती दोन्ही इंजिनांवर एकाच जागी धरली. डावं खरंच गरम. तरीही उजव्याचा सेन्सर डावीकडे लावून बघितला. दोष डावीकडेच. मग थर्मोस्टॅटची अदलाबदल केली. दोष तरीही हलला नाही. भाग हलवल्यावर दोष त्याच्याबरोबर गेला तर भाग वाईट. जागेवरच राहिला तर गुन्हेगार अजून तिथेच लपलाय. शेवटी पाण्याचा पंप उघडला. आत रबरी पंखा असतो, इंपेलर. तळ्याचं पाणी तो ओढतो आणि इंजिन थंड ठेवतो. त्याच्या सहा पात्यांपैकी दोन गायब.

इथे बरेच लोक नवा पंखा बसवून खूश होतात. पण तुटलेली पाती गेली कुठे? ती पाण्याबरोबर पुढे जातात आणि पुढच्या अरुंद जागी अडकून बसतात. एक पातं मला गिअर ऑइलच्या कूलरच्या तोंडाशी मिळालं. दुसऱ्यासाठी दोन तास गेले, तीन पाइप सोडवले, एकदा रडकुंडीला आले. मिळालं तेव्हा ते तुकडा-तुकडा जुळवून पुरं भरतंय ना, हे टेबलावर मांडून बघितलं. खर्च पन्नास डॉलर. तेव्हापासून दोन्ही पंखे दर वसंतात बदलते, पण एकाच दिवशी, एकाच पाकिटातले नाहीत. रिंगांनी तेवढं शिकवलंय.

आणि कान. दोन इंजिनांचा वेग किंचित वेगळा असला की आवाजात एक हेलकावा येतो, वाँव... वाँव... वाँव. एकाचा थ्रॉटल केसभर पुढे सारला की हेलकावा लांबत जातो आणि मग विरतो. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा जुळतात ना, अगदी तेच भौतिकशास्त्र. बारावीत बीट्सची गणितं सोडवली होती, पैकीच्या पैकी मार्क. ऐकले पहिल्यांदा इथे.

मी जुगाडाची वकिली करत नाहीये, हे स्पष्ट सांगते. जुगाडाचा आपल्याकडे जो गौरव चालतो तोही त्याच आळसाचा भाऊ. बोटीच्या तळाशी पेट्रोलची वाफ साचते, ती हवेपेक्षा जड असते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवायचा आणि फळी उघडून स्वतःच्या नाकानं वास घ्यायचा. गाडीचा स्टार्टर बोटीच्या स्टार्टरसारखाच दिसतो, बसतोही, स्वस्तही असतो. पण बोटीचा स्टार्टर आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू नये असा बनवलेला असतो. पैसे वाचवायला गाडीचा बसवणारा 'हुशार' माणूस त्यात झोपलेल्या चार जणांचा जीव पणाला लावतो. हात काळे करणं म्हणजे मनाला येईल ते करणं नव्हे. शाफ्टची सरळ रेषा जुळवायला मी आजही जाणकार बोलावते. त्याला नावानं हाक मारते आणि शेजारी बसून बघते.

एक आरोप मात्र मला मान्य आहे. ही बोट वेगात मैलाला जवळजवळ एक गॅलन पेट्रोल पिते. दीड किलोमीटरला पावणेचार लिटर! याचं समर्थन होऊ शकत नाही. म्हणून मी बहुतेक वेळा सावकाश जाते, आणि पुष्कळदा जातच नाही, धक्क्यावरच दुरुस्ती करत बसते. पण "मग नवी घे ना" म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं की नव्या बोटीत काय मिळेल? जॉयस्टिक, पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक, आणि तो क्रमांक वाचायला कंपनीचाच लॅपटॉप. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना स्वतःचा ट्रॅक्टर दुरुस्त करता यावा म्हणून कोलोरॅडो राज्याला २०२३ साली कायदा करावा लागला. तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय तो उघडून बॅटरी बदलता येते का बघा. "माणूस बोलव" म्हणता म्हणता आपण अशा जागी येऊन पोचलोय की माणसालाही उघडता येत नाही.

आप्पांशी भांडण अजून मिटलेलं नाही. पण गेल्या महिन्यात त्यांनी आपणहून विचारलं, "प्लग कसल्या रंगाचे निघाले?" सात फिकट तपकिरी आणि एक काळाकुट्ट, मी सांगितलं. "मग त्या एकाचं बघ," म्हणाले, आणि फोन आईकडे दिला.

ऑक्टोबरात बोट बाहेर निघेल. इथे तळं गोठतं. ठोकळ्यात राहिलेलं पाणी गोठून फुगलं की लोखंडाला चीर जाते, म्हणून प्रत्येक इंजिनाचे नळ उघडून पाणी काढायचं, नळाच्या तोंडाशी गाळ बसला असेल तर तारेनं खरवडायचा, मग गुलाबी अँटिफ्रीझ भरायचं. एका माणसाला दोन शनिवार लागतात. एफएमईएवाल्या गृहस्थांना मी कळवलंय, उजवं इंजिन तुमचं. त्यांनी विचारलंय की कुठले बूट घालून येऊ. जुने, म्हटलं, आणि घड्याळ घरी ठेवा.